तुझा दात सैतानानं पाडला नव्हता

प्रिय माय,

रागावू नकोस, पण आज मी तुझ्याशी भांडायलाच बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहायचा कंटाळा, तरी बसले. काल पाळकसाहेब घरी येऊन गेले, तेव्हापासून माझी तळपायाची आग मस्तकात गेली आहे. ती कुणापुढं काढू? तुझ्याशिवाय मला होतं कोण?

येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होतंय. उपासना झाल्यावर तुझी आठवण करायची, प्रार्थना करायची, सगळ्यांना चहा-चिवडा द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. चांगलं ठरवलं, माझं काही म्हणणं नाही. मग बशीत चहा ओतत ओतत म्हणाले, "शोभाताई, त्या दिवशी आईची साक्ष तुम्हीच द्या. आपली नेहमीचीच हो. आधी भानामती करायच्या, सैतानाच्या बंधनात होत्या, मग प्रभूनं कसं सोडवलं, ती. नांदेडहून पाहुणे येणार आहेत, त्यांना आशीर्वाद मिळेल."

आशीर्वाद! मी "बघते" म्हणाले. नवीन माणूस आहे, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा. जुन्या पाळकांनी जाताना जे सांगितलं तेच तो बोलणार. पण तो फाटकाबाहेर गेला आणि मी कपबशी अशी आदळली की बशीचे तुकडे झाले. अगं, माणूस मेलं, मातीत गेलं, तरी त्याच्या कपाळावरचा शिक्का पुसायला कुणी तयार नाही म्हणजे काय?

देवानं आपलं काय भलं केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, याला आपल्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष म्हणतात. त्यात वाईट काहीच नाही. पण तुझी साक्ष तू सांगितलीसच कुठं? इतकी वर्षं ती दुसऱ्यांनीच सांगितली. तू नुसती बाजूला उभी राहायचीस, पदर तोंडावर धरून.

आपली वाडी मला अजून दिसते. धनगरांची चार घरं, मागं मेंढरांचा वाडा, पुढं मारुतीचा पार. बाबा साप चावून गेले तेव्हा मी पहिलीत होते. त्या दिवसापासून तुला नावच उरलं नाही बघ. आजीच्या तोंडात तू रांडमुंड. चुलत्याच्या तोंडात पांढऱ्या पायाची. बायका पहाटे पाण्याला निघाल्या आणि तू समोर आलीस की मागं फिरायच्या. आणि तू? तू वाड्यातल्या एकेका मेंढीला नावानं हाक मारायचीस. बांडी, मोरी, काळतोंडी. मला तेव्हा वाटायचं, मायचं नाव घेणारं घरात कुणी नाही, म्हणून ती मेंढरांची नावं घेते.

मग भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वाडीत भानामती निघाली. निघाली म्हणे! कुणाचं दोरीवरचं लुगडं पेटलं, कुणाच्या भाकरीत केस सापडले. चुलत्याची नवी सून, रुक्मीण, भर अंगणात केस सोडून भुंकायला लागली. आज दवाखान्यात नोकरी करताना मला कळतं, लग्न झाल्यापासून त्या पोरीला एकदाही माहेरी जाऊ दिलं नव्हतं. घुसमटली होती ती. पण हे तेव्हा कुणाला सुचणार? त्यांनी जाणता आणला. भानामती कुणी केली ते ओळखणारा माणूस, मोठा मान त्याचा! त्यानं तिच्यापुढं लिंबू कापलं, केस धरून हलवलं आणि विचारलं, "कोणी केलं? नाव सांग!" ती ओरडली, "कौसाकाकी! कौसाकाकी!"

बघ, वाडीत किती वर्षांनी तुझं नाव कुणी घेतलं, तर ते असं.

पुढचं लिहू का? तू मला कधी बोलू दिलं नाहीस. "जाऊ दे लेकरा, झालं गेलं," एवढंच. आज मी लिहिणार. जाणत्यानं सांगितलं, हिचा दात पाडा, म्हणजे हिच्या तोंडून मंतर चालायचा न्हाई. कातडं भिजवायच्या कुंडीतलं पाणी पाजा, म्हणजे विद्या मरती. वाडी सगळी पारापाशी जमली. तुझे हात आजीनं धरले. आणि दगड कोणी हाणला? बाबांच्या सख्ख्या भावानं. तुझ्या दिरानं. तुझं तोंड रक्तानं भरलं, आणि तू त्यातनं काय म्हणालीस माहीत आहे? "माझ्या लेकराला कोणीतरी घरात न्या रे." कुणीच नेलं नाही. मी तिथंच उभी होते. सगळं बघितलं.

चौकीवर गेलो तर तिथला माणूस म्हणाला, "बाई, घरगुती भांडण हाय. ह्याला काय कलम लावू?" घरगुती! मुडदा बसवला त्या घराचा.

आपण आखाडा बाळापूरला आलो ते नेसत्या लुगड्यानिशी. बौद्ध गल्लीतल्या मास्तरांनी खोली दिली, कोण कुठले काही विचारलं नाही. तू हळद शिजवायला जायला लागलीस. तुझे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे आणि शाळेत पोरं मला "हळदीबाईची पोरगी" म्हणायची. मला त्याचा राग नव्हता. वाडीतल्या नावांपेक्षा ते शंभरदा बरं!

आणि मग पाळकबाई आल्या. तुझ्या तापाच्या वेळी, शेजारच्या घरी प्रार्थनेला आल्या होत्या, तिथून आपल्या दारात. त्यांनी पहिलं काय विचारलं? "बाई, तुमचं नाव काय?" मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग हळूच म्हणालीस, "कौसा." त्या म्हणाल्या, "कौसाबाई, मी तुमच्यासाठी प्रार्थना करू?" आणि तू जी रडायला लागलीस! बाबा गेले तेव्हा नाही, दात पडला तेव्हा नाही, आणि एका परक्या बाईनं नुसतं कौसाबाई म्हटलं म्हणून!

खरं सांगू? त्या बाईंबद्दल मला आजही काही कडू बोलता येत नाही. प्रभू मेंढपाळ आहे आणि तो आपल्या मेंढरांना नावानं बोलावतो, असं त्यांनी तुला सांगितलं, तेव्हा तू चटकन उठून बसलीस. "हे बराबर हाय बाई," म्हणालीस. "ज्याची मेंढरं त्यालाच नावं म्हाईत असतात. दुसऱ्याला नुसता कळप दिसतो." त्या दिवशी तू देवाला धरलंस ते शेवटपर्यंत सोडलं नाहीस. तुला कुणी पैसे दिले नाहीत, फसवलं नाही, बाटवलं नाही. वाडीवाले काय वाटेल ते बोलोत.

कयाधू नदीत तुझा बाप्तिस्मा झाला. जुने पाळक म्हणाले, "आजपासून तुमचं नाव मार्था." तू ओल्या लुगड्यानं कुडकुडत म्हणालीस, "नगं साहेब. देवानं मला कौसा म्हणूनच हाक मारली, आता त्याला नवं नाव कशाला पाठ करायला लावता?" सगळे हसले. मीही हसले. मला फार अभिमान वाटला होता गं तुझा.

मग तेच तू पुढं का केलं नाहीस? माझं भांडण तिथं आहे.

तू त्यांना सरळ सांगितलं होतंस, "लोकांनी मला भानामतीवाली ठरवलं." पहिल्याच मोठ्या सभेत पाळकांनी काय सांगितलं? "ही बहीण भानामती करायची! सैतानानं हिचा दात पाडला! आज बघा, प्रभूनं हिला मोकळं केलं!" मांडवभर हालेलूया, हालेलूया. तुझं तोंड उघडून दाताची खिंड दाखवायला लावली लोकांना. मी पुढच्या चटईवर बसले होते. मला वाटलं, आता तू बोलशील, आता बोलशील. तू खाली बघत उभी राहिलीस.

घरी येऊन मी तुला किती बोलले! "काहून गप्प बसली तू? खोटं हाय ते!"

"म्या कुठं खोटं बोलले? ते बोलले. म्या नुसती हुबी व्हते."

"मग हुबी तरी काहून राहिली?"

तू चुलीत काटकी सरकवत म्हणालीस, "लेकरा, ह्या लोकांनी आपल्याला त्यांच्या कपात चहा दिला. चटईवर शेजारी बसवलं. त्यांच्या तोंडावर कसं म्हणू, तुमी लबाड बोलून राहिले?"

चहाच्या एका कपावर गप्प बसलीस माय तू! वर्षानुवर्षं! हिंगोलीला नेलं, कळमनुरीला नेलं, औंढ्याच्या रस्त्यावर मांडव घातला तिथं नेलं. "भानामतीतून सुटलेल्या बहिणीची साक्ष." तुला पुढची खुर्ची, गळ्यात हार. दगड होता तो हार, मला विचार. वाडीनं एकदाच पारावर उभं केलं होतं, ह्यांनी दर महिन्याला केलं. फरक एवढाच की इथं शेवटी जेवण मिळायचं.

त्यांचं मन वाईट नव्हतं, हे तू मला शंभरदा सांगितलंस. नसेल. त्यांना मोठी सुटका दाखवायची होती, आणि मोठी सुटका दाखवायला मोठं पाप लागतं. एका बाईला उगाच मारलं, ती जगली, देवानं तिला जवळ घेतलं, एवढ्यावर मांडव भरत नाही. पण त्यापायी निरपराध बाईला चेटकीण करायची? देवाच्या नावानं? आणि आपल्या देवाला ते आवडलं असेल?

मग त्या बाजाराच्या दिवशी रुक्मीण आली.

मी नर्सिंगच्या ट्रेनिंगहून सुट्टीवर आले होते. दारात एक वाळलेली बाई उभी, हातात रिकामी पिशवी. मी ओळखलंच नाही. तू ओळखलंस. "ये रुक्मिणी," म्हणालीस, जशी काही रोजच येते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिनं तुझं नाव ओरडून तुझं वाटोळं केलं, तिला तू पाट दिलास!

तिला लेकरू झालं नाही, म्हणून चुलत्यानं पोराचं दुसरं लग्न लावलं होतं. सवतीचं तान्हं आजारी पडलं. आणि आता तिचं नाव निघालं होतं. जाणता अवसेला यायचा होता. "काकी," ती म्हणाली, "मामंजी म्हणून राहिले, कौसानंच विद्या दिली हिला. तिच्या पाळकानं भर सभेत सांगितलं म्हणे, ती करायची म्हणून. मग ते काय लबाड असंल काय, असं म्हणून राहिले."

माय, तुझा चेहरा मी विसरणार नाही. तू मागच्या भिंतीला टेकलीस. तुझ्या गप्प बसण्याचं काय झालं ते त्या दिवशी तुला कळलं. तुझ्यावरचा शिक्का तू सोसला असतास गं, मरेपर्यंत सोसला असतास. पण तोच शिक्का उचलून ते दुसरीला मारायला निघाले होते.

पुढच्याच रविवारी बाळापूरला मोठी सभा होती. गावोगावचे लोक आलेले, आपल्या वाडीचेही चार जण मागं विड्या ओढत उभे. पाळकांनी नेहमीसारखं सुरू केलं, "ही आपली बहीण..." आणि तू पुढं होऊन त्यांच्या हातातला माइक घेतलास. त्याच्यात कसं बोलायचं तेही तुला माहीत नव्हतं. ओठाला लावलास.

"म्या कदी भानामती केली न्हाई," तू म्हणालीस. "भानामती असं काई नसतंच. माझा दात सैतानानं पाडला न्हाई, माझ्या दिरानं दगडानं पाडला. रुक्मिणीनंबी काई केलं न्हाई. म्या चेटकीण न्हाई, चेटकीण व्हते अन् सुटले तीबी न्हाई. रांडमुंड न्हाई, पांढऱ्या पायाची न्हाई. म्या कौसा हाय. देवाची लेक हाय. त्यानं मला पहिल्यापासून तेवढंच म्हटलं. बाकी समदं तुमीच म्हटलं."

एक हालेलूया आला नाही. एक सुद्धा! कुणीतरी माइक बंद केला, कुणीतरी घाईघाईनं पेटी वाजवायला घेतली. पण मागच्या विड्या विझल्या होत्या. मी बघितलं ते.

मला वाटलं होतं, आता सगळे येऊन तुझ्या पाया पडतील. किती खुळी होते मी! पाळक म्हणाले, "कौसाबाईंच्यात पुन्हा काहीतरी शिरलंय, उपास करून प्रार्थना करा." तुला सभांना बोलावणं बंद. बायका चटईवर सरकून बसायला लागल्या. वाडीत बाटगी होतीस, आता मंडळीत बंडखोर झालीस. पाळकबाई तेवढ्या घरी यायच्या, पुढं पाळकांची बदली झाली तशा त्याही गेल्या. रुक्मीण आपल्याकडंच राहिली होती; चुलता तिला न्यायला दोनदा आला, शिव्या देत, हातात काठी घेऊन. तू उंबऱ्यात बसलीस आणि हलली नाहीस. काही हिंमत झाली नाही त्याची, बाळापुरात होता तो, वाडीत नव्हता.

आणि तरी तू दर रविवारी जायचीस! शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मी म्हणायचे, "काहून जाते तू? कोण विचारतं तिथं तुला?" तू हसायचीस. तोवर पदर तोंडाला लावायचं सोडलं होतंस. त्या खिंडीतनं जीभ दिसायची हसताना. "म्या त्यांच्यासाठी जाते व्हय? ज्याच्यासाठी जाते त्याला म्हाईत हाय म्या कोण हाय ते. मंग बाकीच्यांनी नाव इचारलं काय अन् न्हाई काय."

तुझं हे मला जमत नाही माय. तुझं मन निवलं, माझं नाही. तुझ्या मातीला चुलता आला आणि "वयनी, वयनी" करून असा गळा काढला की लोक त्यालाच पाणी पाजत होते. जुने पाळक परगावाहून आले आणि कबरीपाशी डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, या बहिणीला तू अंधारातून काढलंस." अंधार कुणाचा होता? मी मूठभर माती घेऊन उभी होते, ती कुणाच्या डोक्यात घालावी तेच कळेना.

तू क्षमा केलीस म्हणे सगळ्यांना. मला विचारलंस? मी पण होते तिथं पारापाशी, नऊ-दहा वर्षांचं लेकरू. माझ्या वाटणीची क्षमा तू परस्पर कशी देऊन टाकलीस?

आणि रुक्मिणीला माझ्या गळ्यात मारून गेलीस. हो, मारूनच. एका खोलीत इतकी वर्षं राहिलो, पण मी तिला कधी वैनी म्हटलं नाही. मनात ती माझ्यासाठी भुंकणारीच राहिली. हळद शिजवून येते, भाकऱ्या टाकते, माझी ड्युटीची साडी धुऊन ठेवते. मी गरजेपुरती बोलते. तुला दिसायचं ते. तू काही म्हणायची नाहीस, नुसतं बघायचीस, आणि मला त्याचाही राग यायचा.

काल पाळकसाहेब बोलत होते तेव्हा ती स्टोव्हपाशी बसली होती. ते गेले, मी बशी फोडली. ती उठली, तुकडे गोळा केले, आणि खाली बघतच म्हणाली, "तुमी नका सांगू साक्ष. मला सांगू द्या."

मी खेकसले, "तू काय सांगशील? काय तोंडानं सांगशील?"

"ज्या तोंडानं काकीचं नाव घेतलं, त्याच तोंडानं. पहिल्यांदा म्याच ओरडले व्हते न्हाई का? मंग आता म्याच सांगते, ते लबाड व्हतं."

मी म्हटलं, "आणि पाळकांनी विचारलं, मग प्रभूनं कौसाबाईला कशातून सोडवलं, तर काय सांगशील?"

तिनं बशीचे तुकडे पदरात धरले होते. म्हणाली, "सांगीन, काकीला कशातनं सोडवायचंच नव्हतं. तिला पुढं करून सोडवलं ते मला."

माय, मी काल रात्रभर आणि आज दिवसभर ह्याच्यावर एक तरी कडू बोल सापडतो का ते शोधते आहे. सापडत नाही.

म्हणून तुला वचन देते. माझा राग गेला असं खोटं लिहिणार नाही. तो आहे, चुलत्यावर आहे, पाळकांवर आहे, तुझ्यावरसुद्धा आहे. पण रविवारी नांदेडच्या पाहुण्यांसमोर मी उभी राहून एवढंच म्हणेन, "माझ्या आईची साक्ष माझी वैनी सांगेल. तिचं नाव रुक्मीण." आणि ती बोलत असेस्तोवर तिच्या शेजारून हलणार नाही.

कौसाबाईची लेक,
शोभा